घाट कोणाचा?

(कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे संकलन)



आज आम्ही तुम्हाला सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका घाटाची हकीकत सांगणार आहोत. तुमच्यातला एखादा मनात म्हणत असेल, इथे पऱ्हाटीच्या बोंडाला पाणी नाही, ज्वारीला भाव नाही, आणि हे सावंतवाडीच्या घाटाचे काय घेऊन बसले? शंका रास्त आहे. पण थोडा धीर धरा.

पवनार ते पत्रादेवी अशी महामार्गाची एक रेघ सरकारने नकाशावर ओढली आहे. तिला शक्तिपीठ महामार्ग असे नाव आहे. मूळ आखणीत आठशे किलोमीटरच्या वर लांबी, बारा जिल्हे. वर्ध्याला सुरुवात, मग यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीड असे करत शेवटी सिंधुदुर्गात गोव्याच्या सीमेवर. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी कडवा विरोध केला, आखणी बदलण्याची भाषा झाली. रेघ अशी सरकेल, तशी सरकेल. पण तिचे एक टोक कापसाच्या काळ्या रानात आणि दुसरे टोक सह्याद्री उतरून समुद्राच्या बाजूला, हे ठरलेले आहे.

बैठकांमध्ये आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. साहेब, रस्ता आला तर आपले भले होईल की वाटोळे? याचे उत्तर ठोकून देण्याआधी आम्ही ठरवले की रेघेचे दुसरे टोक डोळ्यांनी बघून यावे. तिथे दीडशे-दोनशे वर्षांपासून घाटरस्ते आहेत. त्यांनी कोणाचे भले केले ते बघितले, तर आपल्याला आपल्या रस्त्याचा हिशेब मांडता येईल. म्हणून आम्ही सात-आठ जण आंबोलीला गेलो.

भिंत आणि तिच्यातल्या खिंडी

ज्यांनी कोकण पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी जागा सांगतो. आपल्याकडची जमीन पश्चिमेकडे चढत चढत जाते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर एकदम तुटते. खाली दोन हजार फुटांवर कोकण. तिथून समुद्र पक्षी उडेल तसा मोजला तर चाळीस-पन्नास किलोमीटर. या तुटलेल्या कड्यातून चढ-उतार करायला ज्या मोजक्या जागा आहेत, ते घाट. सिंधुदुर्गात उत्तरेकडून मोजत आलात तर भुईबावडा, करूळ, फोंडा, मग आंबोली, आणि दोडामार्गच्या बाजूला तिलारी आणि जुना रामघाट. भुईबावडा आणि करूळ गगनबावड्याला चढतात, फोंडा राधानगरीकडे. आंबोली चढून वर गेले की एक वाट आजरा-गडहिंग्लजकडे फुटते, दुसरी चंदगड-बेळगावकडे.

आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडे सात-आठशे पडला की आपण साल बरे म्हणतो. म्हणजे आपला नऊ-दहा वर्षांचा पाऊस त्या गावावर एका पावसाळ्यात कोसळतो. गंमत अशी की समुद्र इतका जवळ असून आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी नदी समुद्राकडे जात नाही. ती पाठ फिरवून पूर्वेला वाहते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जाते. पाण्याला उतार दिसेल तिकडे ते जाते. मालाचेही तसेच आहे. मालाचा उतार मात्र निसर्ग ठरवत नाही, माणसे ठरवतात. पुढची सगळी हकीकत ही त्या उताराची आहे.

मीठ वर, धान्य खाली

रस्ते नव्हते तेव्हाही या घाटांनी व्यापार चालत होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चढ-उतार करत. समुद्राकाठचे मीठ, नारळ, सुपारी, कोकम, सुकी मासळी वर जाई. वरून धान्य, गूळ, मिरची, तंबाखू खाली येई. कोकणात भात पिकतो, पण तो वर्षभर पुरत नसे. देशावर धान्य होते, पण मीठ नव्हते. दोघांची गरज खरी होती आणि घाट त्या गरजेचा होता.

पण घाट जितका अरुंद, तितकी त्याच्या तोंडावर चौकी बसवणे सोपे. जो घाटाचा धनी तो जकातीचा धनी. पुणे जिल्ह्यातल्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीच्या नाण्यांचा म्हणून लोक दाखवतात. उघड्या माळावर शेतकऱ्याला वाटा हजार असतात. खिंडीत एकच असते, आणि तिथे हात आडवा करणाऱ्याला नांगर धरावा लागत नाही.

मिठाचेच बघा. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला मिठागरे आहेत. समुद्राचे पाणी फुकट, ऊन फुकट, मेहनत आगरातल्या माणसाची. कर मात्र सरकारचा. मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो यासाठी. तयार करणारा आणि खाणारा या दोघांच्या मध्ये जो बसतो त्याच्याशी ते भांडण होते. आपले भांडणही त्याच्याशीच आहे.

कापसासाठी फोडलेले डोंगर

आता इंग्रजांकडे येऊ. १८१२ मध्ये वेंगुर्ले बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बेळगावही त्यांच्या हाती आले. बेळगावला त्यांनी लष्करी छावणी केली. वेंगुर्ल्याला गलबतातून माणसे आणि सामान उतरवायचे आणि वर बेळगावला पोचवायचे, यासाठी त्यांनी रामघाटाची वाट वापरात आणली. ती फार उभी होती.

१८४४ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडीच्या मुलखात गडकऱ्यांनी बंड केले. मनोहर-मनसंतोष गडांच्या रानात इंग्रजांना महिनोन् महिने झुंजावे लागले. वाट नसणे हेच तिथे बंडवाल्यांचे बळ होते. राज्य करायचे तर डोंगरात तोफ आणि रसद चढली पाहिजे, हा धडा सरकारने घेतला. तेव्हा घाटरस्त्याचे पहिले गिऱ्हाईक फौज होती.

दुसरे गिऱ्हाईक तुमचे-आमचे पीक होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस थांबला. गिरण्यांच्या मालकांना एकदम हिंदुस्थान आठवला. आपला कापूस जहाजापर्यंत लवकर का पोचत नाही, याची विलायतेत चर्चा सुरू झाली. १८६२ च्या सुमारास मँचेस्टरच्या एका कंपनीने कापसाच्या गाठी बांधण्याची यंत्रे कारवारजवळ सदाशिवगडाला आणून उतरवली. सिंधुदुर्गाच्या खाली, गोवा ओलांडला की कारवार. धारवाडचा कापूस तिथून न्यायचा बेत होता. यंत्रे आली, पण वरून खाली येणारा घाटरस्ताच तयार नव्हता. यंत्रे किनाऱ्यावर आणि कापूस घाटमाथ्यावर. मग सरकारवर ओरडा झाला आणि त्या काळात या पट्ट्यात घाटरस्त्यांच्या कामाला जोर आला.

आंबोलीचा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पारपोली गावाजवळून चढतो म्हणून त्याला पारपोली घाटही म्हणत. रामघाटापेक्षा याचा चढ सौम्य, वळणे घेत घेत जाणारा. भरलेली बैलगाडी एका जोडीने चढावी असा हिशेब धरून काढलेला. बेळगावकडचा कापूस या वाटेने वेंगुर्ल्याला उतरे आणि गलबतातून मुंबईला जाई. आज आपण तिथून मोटारीने जातो तेव्हा ज्या वळणावर पोटातले पाणी हलते, ते वळण बैलाच्या छातीचा दम मोजून काढलेले आहे. ज्या इंजिनिअरने ते आखले त्याच्या कामाला आम्ही नमस्कार करतो. काम चोख होते. प्रश्न कामाचा नाहीच.

प्रश्न हा, की घाट झाल्याने कापूस पिकवणाऱ्याला काय मिळाले? लढाई चालू होती तोवर भाव चढले. लोकांनी ज्वारी काढून कापूस पेरला. १८६५ मध्ये लढाई संपली, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि भाव कोसळला. मुंबईत सट्टेबाज बुडाले, बँका बुडाल्या. शेतकऱ्याने मात्र चढत्या भावावर कर्ज काढले होते, ते उतरत्या भावाने फेडावे लागले. रस्ता तोच, बैल तेच, कापूस तोच. भाव लिव्हरपूलला ठरत होता आणि रस्ता फक्त माल नेत होता.

वऱ्हाडातल्या मंडळींना ही गोष्ट नवी नाही. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रूळ कापसाच्या बाजारपेठा शोधत गेले. घाट असो की रूळ, आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाठी होत्या.

बंदर ओस पडले

पुढे वेंगुर्ल्याचे काय झाले तेही ऐका. १८८८ पर्यंत गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून घाट चढून वर जाणारी रेल्वे पूर्ण झाली. बेळगाव-हुबळीकडचा माल रुळावरून मार्मागोव्याला जाऊ लागला. आंबोलीचा घाट जागच्या जागी होता, एक दगड हलला नव्हता, पण माल वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार उतरणीला लागला. ज्यांनी घाटाच्या भरवशावर वखारी बांधल्या, गलबते घेतली, गाड्या जुंपल्या, त्यांना कोणी विचारायला आले नाही. सरकारचे काम दुसऱ्या वाटेने होत होते.

आज आम्हाला सांगितले जाते, महामार्ग येईल, गावाचे सोने होईल. वेंगुर्ल्यालाही महामार्ग आला होता. रस्त्यावर पोट ठेवायचे असेल तर रस्ता वळवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे ते आधी बघावे लागते.

आज घाटातून काय जाते

आता आजची स्थिती. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली, ती किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण धावते. कोल्हापूरहून वैभववाडीला उतरणारा रेल्वेमार्ग २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात आला, त्यावर अजून गाडी धावलेली नाही. म्हणून घाटावरचा माल सिंधुदुर्गात येतो तो सगळा या घाटरस्त्यांनी. आम्ही पहाटे आंबोली घाटात उभे होतो. बेळगाव आणि गडहिंग्लजकडून कोबी, टोमॅटो, मिरची, दूध, अंडी भरलेले टेम्पो खाली उतरत होते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण आणि गोव्यातली चूल त्यावर पेटते. वर जाताना काही गाड्यांत मासळी होती, बऱ्याच रिकाम्या होत्या.

एका टेम्पोवाल्याशी चहा घेताना बोललो. तो स्वतः चंदगडकडचा, दोन एकरांचा शेतकरी. आम्ही विचारले, घाट आहे म्हणून फायदा होतो ना? तो म्हणाला, "होतो की. घाट चालू असला तर कोबी कुजत नाही. पण दर मी ठरवत नाही. खाली उतरेपर्यंत मला दर ठाऊकबी नसतो." शिवाय परत वर चढून जायला डिझेल लागते, तेव्हा नेलेला माल मिळेल त्या दराला टाकूनच यावे लागते. भावांनो, एवढ्या बोलण्यात सगळे शेतीचे अर्थशास्त्र आले.

आणि घाट बंद पडला तर? जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट नव्या बांधकामासाठी बंद केला, तो वर्षभर बंद होता. वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांनी वळवली. काम गरजेचे होते, आम्ही नाकारत नाही. २०२१ च्या जुलैत त्याच घाटात रस्ता खचला होता. पण वळसा घालून जाणाऱ्या गाडीचे जादा डिझेल शेवटी कोणाच्या पट्टीतून कापले जाते ते तुम्हाला सांगायला नको.

घाट का खचतो हेही आम्ही पाहिले. आम्ही शेतीचे शिक्षण घेतले, घाट बांधायचे घेतले नाही. पण जे दिसले ते आपल्या बांधासारखेच होते. आपला बांध कधी फुटतो? पाऊस जास्त झाला म्हणून फुटतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे सांडवा नसतो किंवा बुजलेला असतो म्हणून फुटतो. घाटात डोंगराच्या बाजूचे गटार आणि रस्त्याखालच्या मोऱ्या हे त्याचे सांडवे. त्या दगडमातीने बुजल्या की पाणी रस्त्यावर येते, भरावात मुरते आणि पावसाळ्यात एका रात्री रस्त्याची दरीकडची बाजू निघून जाते. रस्ता रुंद करायला डोंगराचा पाय तोडला की वरची दरड सैल होते. रुंदीचे उद्घाटन होते, मोरी साफ करण्याचे होत नाही.

कागदाची दरड

पण आम्ही तिथून जी मुख्य गोष्ट घेऊन आलो ती दुसरी आहे. घाट बंद करायला दरडच लागते असे नाही. एक कागद पुरतो.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. हेतू चांगला सांगितला होता. पण सरकारशिवाय दुसऱ्याला कापूस विकणे गुन्हा ठरला. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी शेतकऱ्याची गाडी सीमेवर अडवली जाई आणि इथे चुकाऱ्यासाठी खेटे घालावे लागत. कधी भाव इथे बरा असे, तेव्हा बाहेरचा कापूस आत येई, हेही खरे. पण निवड शेतकऱ्याची नव्हती. रस्ता डांबरी होता, सपाट होता, एकही दरड नव्हती. तरी घाट बंद होता.

उलटही होते. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचून घरात येण्याच्या बरोबर त्या महिन्यांत अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियाच्या गाठींना बंदराचे दार उघडे. १८६२ मध्ये अमेरिकेचा कापूस येत नव्हता म्हणून आपल्या कापसासाठी डोंगर फोडले. २०२५ मध्ये अमेरिकेचा कापूस यावा म्हणून कागद फाडला. चढ आणि उतार ठरवणारे वेगळे, गाडी ओढणारा बैल तोच.

आणि नव्या रस्त्यांची आणखी एक तऱ्हा. आंबोलीचा घाट निदान बैलगाडीसाठी बांधला होता. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर दुचाकी चालत नाही, तीनचाकी चालत नाही, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. ज्याच्या रानातून रस्ता गेला त्याने पलीकडे जायचे तर खालच्या बोगद्यातून जायचे, आणि वर चढायचे तर दूरच्या फाट्यापर्यंत जाऊन टोल भरून चढायचे.

मग आपण काय करायचे?

आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. कोणी तसे सांगत असेल तर त्याला १९८० च्या जानेवारीची आठवण द्या. पुणे जिल्ह्यातल्या भामनेर खोऱ्यातले शेतकरी वांद्र्याहून चाकणपर्यंत पायी चालत गेले होते, ते पक्क्या रस्त्याच्या मागणीसाठी. रस्ता नसला की माल घरात कुजतो, बाळंतीण वाटेत अडते. रस्ता हवाच. पण आपल्या गावापासून बाजारापर्यंतचा पावसाळ्यातही चालणारा रस्ता कोणाला मागावा लागू नये, आणि न मागितलेला महामार्ग मात्र दारात मोजणी घेऊन उभा राहावा, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

जमीन द्यायची की नाही हे ज्याचे त्याने, त्याच्या घराने आणि गावाने ठरवायचे आहे. आम्ही कोणाच्या सात-बाराचे मालक नाही. पण सही करण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

आमच्या गावाला या रस्त्यावर चढायची जागा किती किलोमीटरवर? त्याच्या कडेने गावच्या गाड्यांना रस्ता आहे का? खालच्या बोगद्याची उंची किती, कडबा भरलेली गाडी त्यातून निघेल का? रस्त्याचा भराव आमच्या नाल्यांना आडवा येतो, तर मोऱ्या कुठे आणि किती रुंद, आणि शेतात पाणी तुंबले तर भरपाई कोण देणार? शेताचे दोन तुकडे झाले तर उरलेल्या चिंचोळ्या पट्टीचे काय? मोजणीत विहीर, पाइपलाइन, झाडे धरली का?

हे झाले रस्त्याचे. भावाचे प्रश्न वेगळे आणि ते यांच्याआधीचे. आमचा कापूस आणि ज्वारी आम्हाला हवी तिथे, हवी तेव्हा विकता येणार आहे का? आमच्या हंगामात बाहेरचा माल आणून भाव पाडणार नाही, असे कोणी लिहून देणार आहे का? याचे उत्तर नसेल तर आठशे किलोमीटर काँक्रीटने आपल्या क्विंटलमागे एक रुपयाही वाढणार नाही. दोनशे वर्षांच्या घाटाची साक्ष हीच आहे.

परत येताना आम्ही आंबोलीच्या माथ्यावर थांबलो होतो. खाली कोकणात धुके होते, पाठीमागे आपला देश. आमच्यातले एक परभणीकडचे काका म्हणाले, "इथून तं दोन्हीकडं उतारच दिसते. आपला चढ कुठी गेला?" आम्ही हसलो, पण काकांचा प्रश्न घेऊन परतलो. चढ गेलेला नाही. तो शेतकऱ्याच्या वाट्याला ठेवून बाकीच्यांनी उतार वाटून घेतला आहे.

येत्या ग्रामसभेत हे प्रश्न ठरावात घाला. ठरावाची प्रत तहसीलला द्या, पोच घ्या, आणि एक प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. मायबहिणींना खास सांगणे, सात-बारावर नाव असो नसो, ग्रामसभेत बसा आणि बोला. जमीन गेली तर पाण्याची आणि वैरणीची वाट तुमचीच लांबणार आहे.

सगळ्या गावांचे ठराव एकत्र करून आम्ही पुढे नेऊ. तोवर कोणीही एकट्याने, रात्री घरी आलेल्या कागदावर सही करायची नाही. एवढे आज ठरवून उठू या.